सोमवारी सीएनजी नव्हता

१७ नोव्हेंबर २०२५ चा सोमवार. सकाळी पावणेआठला लोकमान्य नगरच्या स्टँडवर आले तर रिक्षाच नाहीत. एरवी ठाणे स्टेशनला जाणाऱ्या शेअर रिक्षांची रांग लागलेली असते आणि माणसं येतील तशा त्या भरून सुटतात, त्या दिवशी सगळं उलटं, माणसांची रांग पार मेडिकलच्या दुकानापर्यंत गेलेली आणि रिक्षा येतेय ती दहा-बारा मिनिटांनी एक. माझ्या पुढे एक आजी होत्या, फोनवर मुलाला सांगत होत्या की आज डायलिसिसला वेळेवर पोचणं काही होत नाही बघ. रांगेतल्यांनी त्यांना पुढे पाठवलं, कोणी काही बोललं नाही, पण ते ऐकल्यावर पोटात कसंतरीच झालं.

झालं असं होतं की आदल्या दिवशी ट्रॉम्बेकडे गॅसच्या मुख्य पाइपलाइनला कसल्यातरी कामात मार बसला, वडाळ्याच्या सिटी गेट स्टेशनला, म्हणजे जिथून तो शहराच्या पाइपांत सोडतात तिथे, येणारा गॅस थांबला आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईतले सीएनजी पंप एकेक करत बंद पडले किंवा प्रेशर नाही म्हणून अर्धवट चालू राहिले. घरातला पाइपचा गॅस चालू ठेवला होता म्हणून सकाळचा चहा झाला आणि मला बाहेर पडेपर्यंत काही कळलंच नाही.

माझे धाकटे दीर रिक्षा चालवतात, स्वतःची आहे, हप्ते अजून दोन वर्षांचे बाकी. भाऊजी त्या दिवशी पहाटे चारला पंपाच्या लाइनीत लागले होते. रिक्षा ढकलत ढकलत पुढे न्यायची कारण टाकीत जेमतेम गॅस आणि इंजिन चालू ठेवलं तर तोही जाणार. साडेअकराला नंबर आला. टाकी साधारण चार किलोची, पण गॅस टाकीत जातो तो प्रेशरवर, पंपाच्या कॉम्प्रेसरला मागून गॅसच नाही तर तो भरणार काय, सव्वा किलो बसला आणि नोझल काढलं. भाऊजी सांगत होते की काटा नीट वर चढलासुद्धा नाही, मागचे लोक ओरडायला लागले म्हणून गाडी बाजूला घेतली आणि तशीच उभी करून दहा मिनिटं नुसते बसून राहिले. सव्वा किलोत चाळीसेक किलोमीटर होतात. साडेसात तास लाइन, चाळीस किलोमीटरचा धंदा. मंगळवारी हळूहळू गॅस आला पण लाइनी काही लगेच संपल्या नाहीत, म्हणजे दोन दिवसांचा धंदा गेला तो गेलाच आणि हप्त्याची तारीख काही पुढे जात नाही.

तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाहीये. पेट्रोल महागलं की आपण सगळे बोलतो, गेली पंधरा-वीस वर्षं बोलतोय, पण आपलं सगळं बोलणं भावावर असतं. लिटरला किती, किलोला किती. माल येतो कुठून, किती वाटांनी येतो आणि त्यातली एक वाट बंद पडली तर दुसरी आहे का, हे कोणी विचारत नाही, मीही कधी विचारलं नव्हतं. खरंतर मला विचारायला हवं होतं कारण माझी रोजीरोटीच त्यावर आहे, तुर्भ्याला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात मी चौदा वर्षं हिशोब बघते आणि डिझेलची वही माझ्याकडे असते.

आधी भावाचंच सांगते कारण त्यातही बरेच गैरसमज आहेत. ठाण्यात पेट्रोल २०२५ च्या शेवटी १०३ रुपयांच्या वर होतं. १०० पार झालं ते मे २०२१ मध्ये, तेव्हा पंपावरच्या जुन्या मशीनवर तीन आकडे बसतात का यावर चर्चा चालली होती. आता कच्चं तेल बघा. एक बॅरल म्हणजे १५९ लिटर. तेव्हा बॅरल साठ-पासष्ट डॉलरच्या मधे फिरत होतं, डॉलर नव्वदीच्या घरात, म्हणजे एक लिटर कच्चं तेल आपल्याला पस्तीस-छत्तीस रुपयांना पडत होतं. त्यावर रिफायनरीचा खर्च, वाहतूक, तेल कंपनीचं मार्जिन, पंपवाल्याचं कमिशन. मग केंद्राची एक्साइज, तेव्हा २१ रुपये ९० पैसे. मग या सगळ्याच्या बेरजेवर आपल्या राज्याचा व्हॅट २५ टक्के आणि वर लिटरमागे ५ रुपये १२ पैसे वेगळे. म्हणजे एक्साइजवरसुद्धा व्हॅट लागतो, करावर कर. आणि आपल्या ठाणे, नवी मुंबई, मुंबईवाल्यांना तर १ जुलै २०२४ पर्यंत २६ टक्के होता, बाकी राज्यापेक्षा जास्त, तो एक टक्का कमी झाला तेव्हा पेट्रोल ६५ पैशांनी उतरलं.

२०२० च्या एप्रिलमध्ये लॉकडाऊन होता, जगात तेलाला गिऱ्हाईक नव्हतं, २० एप्रिलला अमेरिकेच्या बाजारात तेलाचा वायदा, म्हणजे पुढे घ्यायच्या तेलाचा आज ठरलेला भाव, शून्याच्याही खाली, उणे ३७ डॉलरवर गेला. आपल्याकडे पेट्रोल स्वस्त झालं का? नाही. मार्चमध्ये ३ रुपये आणि मेमध्ये आणखी १० रुपये एक्साइज वाढली, डिझेलवर तर मेमध्ये १३. स्वस्ताईचा फायदा तिजोरीत गेला. सरकारला तेव्हा पैशाची गरज होती हे मला कळतं, पण मग तेल महाग झालं तेव्हा तेवढ्याच वेगाने कर उतरायला हवा होता, तो उतरायला नोव्हेंबर २०२१ आणि मग मे २०२२ उजाडलं. मधल्या काळात आमच्या ऑफिसला येणाऱ्या तीन गाडीमालकांनी गाड्या विकल्या. हे तिघे माझ्यासमोर बसून चहा पीत हिशोब करायचे, कागदावर परत परत तीच बेरीज मांडायचे, म्हणून मला त्याचा राग आहे आणि तो जाणार नाही.

आता डिझेल आणि भाजीचं. डिझेल वाढलं म्हणून कांदा महागला असं आपण सर्रास ऐकतो, वाशीच्या मार्केटमधून भाजी आणणारा पण हेच सांगतो. मी एकदा वहीवरून हिशोब काढला. नाशिककडून वाशी एपीएमसीला येऊन परत जायचं म्हणजे साधारण साडेतीनशे किलोमीटर, ट्रकचं ॲव्हरेज चार धरलं तर ८७-८८ लिटर डिझेल. डिझेल लिटरमागे १० रुपयांनी वाढलं तर त्या फेरीला पावणेनऊशे रुपये जास्त लागले. गाडीत कांदा पंधरा टन, म्हणजे पंधरा हजार किलो. किलोमागे सहा पैसेसुद्धा धड नाही. एपीएमसीतून ठाण्यात येणाऱ्या छोट्या टेम्पोचे आणखी सहा-सात पैसे धरा. मग किलोमागे पाच-दहा रुपये वाढतात ते डिझेलमुळे नाही, त्याची कारणं वेगळी आहेत, पाऊस आहे, साठवण आहे, मधले हात आहेत. डिझेलचं नाव मात्र सगळ्यांना सोयीचं.

मार बसतो तो दुसऱ्याच माणसाला, गाडीमालकाला. जेएनपीटी बंदरातून कंटेनर उचलून भिवंडीच्या गोडाऊनला टाकणारा ट्रेलर लोडवर तीन-साडेतीनचं ॲव्हरेज देतो. त्याचं भाडं पार्टीबरोबर वर्षभराचं ठरलेलं असतं. मोठ्या ट्रान्सपोर्टरच्या ॲग्रीमेंटमध्ये डिझेल क्लॉज असतो, डिझेल अमुक टक्के वाढलं की भाडंही वाढणार, पण एक-दोन गाड्यांच्या मालकाला असा क्लॉज कोण देणार, तो म्हणाला तर दुसरी गाडी तयार असते. मग तो काय करतो, टायर आणखी दोन महिने ओढतो, ड्रायव्हरचा भत्ता कापतो, क्लीनर ठेवत नाही, उरण रोडला रात्रभर लाइनीत उभं राहून एक फेरी जास्त मारतो. हे मी वहीत बघते. एखाद्या गाडीचं सर्व्हिसिंगचं बिल आलंच नाही, तीन महिने नाही, पाच महिने नाही, की मला कळतं या माणसाचं काय चाललंय.

बरं, हे तेल येतं कुठून. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांहून जास्त आपण बाहेरून आणतो. आपलं म्हणावं असं सगळ्यात मोठं तेल तर आपल्याच समुद्रात सापडलं, बॉम्बे हाय, १९७४ च्या फेब्रुवारीत, सागर सम्राट नावाच्या समुद्रातल्या रिगवरून खोदकाम करताना. त्याच्या आधी काहीच महिने, ऑक्टोबर १९७३ मध्ये, अरब देशांनी तेल रोखलं होतं आणि तीन डॉलरचं बॅरल बारा डॉलरच्या आसपास गेलं होतं, त्यामुळे ते तेल सापडणं देशाला केवढा आधार वाटलं असेल! माझे वडील तेव्हा विशीत होते, टेम्पोवर क्लीनर म्हणून लागलेले, ते सांगायचे की तेल लागलं या बातमीवर नाक्यावर पेढे वाटले होते. त्या तेलाची आणि गॅसची पाइप आजही उरणला जमिनीवर येते. ऑफिसच्या कामाने उरणला गेले की प्लांटची ती लांबून दिसणारी ज्योत बघते.

पण देशाची भूक वाढली आणि ती विहीर म्हातारी होत गेली. बाकीचं सगळं जहाजाने. घारापुरीला लाँचने गेलात तर वाटेत बुचर आयलंडला लागलेले मोठे टँकर दिसतात, त्यातलं तेल समुद्राखालच्या पाइपने माहुलच्या रिफायनऱ्यांत जातं. आखातातून निघणारी जहाजं होर्मुझच्या सामुद्रधुनीतून येतात, ती सगळ्यात अरुंद जागी जेमतेम तेहेतीस किलोमीटर, म्हणजे ठाण्याहून सीएसएमटीइतकी, आणि २०२४ मध्ये जगात वापरलेल्या तेलाचा साधारण पाचवा हिस्सा तिथून गेला. २०२५ च्या जूनमध्ये इस्राईल आणि इराणचं सुरू झालं तेव्हा आमच्या ऑफिसात सगळे रोज सकाळी आधी तेलाचा भाव बघत होते. १९९० ला इराकने कुवेत घेतलं तेव्हा मी नऊ वर्षांची, मला आठवतं ते बाबांचं गप्प गप्प राहणं. तेल महागलं, परदेशातून येणारे पैसे आटले आणि १९९१ च्या जुलैत रिझर्व्ह बँकेला जवळपास ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंडकडे गहाण टाकावं लागलं. घरातलं सोनं गहाण टाकून रेशन भरणाऱ्या बायकांना त्याचा अर्थ कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्यानंतर देशाने विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पाडूर इथे जमिनीखाली खडकात तेल साठवायच्या गुहा केल्या, तिन्ही मिळून ५३ लाख टनांच्या वर तेल मावतं, ते देशाला साधारण साडेनऊ दिवस पुरेल. तेल कंपन्यांच्या टाक्यांतलं वेगळं. निदान काहीतरी आहे. गॅसचं मात्र तसं नाही, गॅसचा असा साठा आपल्याकडे नाही. आणि आपण वापरतो त्यातला निम्म्याच्या आसपास गॅस बाहेरूनच येतो, उणे १६२ अंशाला थंड करून पातळ केलेला, म्हणजे सहाशे पट कमी जागेत मावतो, मोठ्या जहाजांतून दहेजला, दाभोळला उतरतो. तेव्हा सीएनजी म्हणजे आपला स्वतःचा पर्याय असं जे आपल्या डोक्यात आहे ते अर्धंच खरं. भाऊजींना पेट्रोल परवडत नाही म्हणून सीएनजी, तो २०२५ च्या शेवटी ऐंशी रुपये किलोच्या आसपास होता आणि किलोला तीस-बत्तीस किलोमीटर जातो, हिशोब बरोबर आहे. हवा स्वच्छ झाली हेही खरं, जुन्या टू-स्ट्रोक रिक्षांचा निळा धूर ज्यांनी खाल्लाय त्यांना विचारा. पण १७ तारखेला कळलं की तो हिशोब एका पाइपला टांगलेला आहे.

इथेनॉलवरही, म्हणजे उसापासून, मक्यापासून काढून पेट्रोलमध्ये मिसळतात त्या अल्कोहोलवरही, लिहायला हवं कारण त्यावर घरात दोन पक्ष आहेत. माझी मावशी कराडजवळ असते, ऊस आहे, तिचं म्हणणं इथेनॉल आल्यापासून कारखाना पैसे वेळेवर देतो, आधी वर्ष-वर्ष थकायचे. हे मी नाकारत नाही, शेतकऱ्याच्या हातात पैसा जातोय तो आखातात जाण्यापेक्षा कधीही चांगला. पण माझी स्कूटर २०१७ ची आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल झालं, खरंतर ते २०३० पर्यंत करायचं होतं पण २०२५ लाच झालं, आणि त्याला चालणाऱ्या पार्टच्या गाड्या येऊ लागल्या एप्रिल २०२३ पासून, मग त्याआधीच्या गाड्यांचं काय? इथेनॉलमध्ये ताकद पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी असते, म्हणजे नुसत्या गणितानेच लिटरमागे सहा-सात टक्के कमी पळणार. माझ्या वहीत आधी ४६-४७ यायचं आता ४३ येतं. गाडी बंद पडली नाही, इंजिन खराब झालं असंही नाही, पण लिटरचा भाव तोच आणि किलोमीटर कमी, हा फरक गिऱ्हाइकाने का सोसायचा? पंपावर साधं पेट्रोल मागायची सोय तरी ठेवायला हवी होती.

आणि पाणी. निती आयोगाच्याच २०२१ च्या अहवालात आहे की उसापासून एक लिटर इथेनॉल करायला साधारण २,८६० लिटर पाणी लागतं. आपल्या राज्यात, जिथे मे महिन्यात टँकरने गावं जगतात. डिसेंबर २०२३ ला ऊस कमी पडणार दिसल्यावर उसाच्या रसाच्या इथेनॉलवर बंधनं आली आणि मग मका पुढे आला, आता मक्याचा वाटा मोठा झालाय, तर कोंबडीचं खाद्य महागलं म्हणून पोल्ट्रीवाले ओरडतात. एकीकडे ओढलं की दुसरीकडे उघडं पडतं.

मग आता इलेक्ट्रिक. वीज कोळशावर होते म्हणून त्याला काही अर्थ नाही असं म्हणणारे बरेच भेटतात. आपल्या देशातली साधारण तीन चतुर्थांश वीज कोळशावर होते हे खरं आहे, पण वीज कोळशाचीही होते, पाण्याची होते, उन्हाची होते, वाऱ्याची होते, एकाच तारेत चार वाटा येऊन मिळतात. पेट्रोलच्या टाकीत एकच वाट येते. मला या सगळ्यात हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते.

आणि खरं सांगू का, आपल्याकडे हा पर्याय शंभर वर्षं जुना आहे. १६ एप्रिल १८५३ ला पहिली गाडी बोरीबंदरहून निघाली ती आपल्या ठाण्यालाच आली आणि ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला विजेची गाडी धावली, देशातली पहिली. मी रोज ठाण्याहून तुर्भ्याला ट्रान्स हार्बरने जाते, महिन्याच्या पासला तीन लिटर पेट्रोलपेक्षा कमी पैसे लागतात. १७ तारखेला स्टेशनला चालत पोचले, पाऊण तास लागला, पण पोचल्यावर गाडी होती. प्लॅटफॉर्मवर उभं राहता येत नव्हतं इतकी गर्दी पण गाडी होती. दिघ्याला २०२४ च्या जानेवारीत नवीन स्टेशन झालं, त्याच दिवशी उरणची गाडी सुरू झाली, बेलापूर-पेंधर मेट्रो त्याच्या आधी दोन महिने. ठाणे आणि नवी मुंबई, दोन्ही पालिकांच्या ताफ्यात इलेक्ट्रिक बस आहेत पण माझ्या नगरातून स्टेशनला संध्याकाळी बस मिळायला अर्धा-अर्धा तास थांबावं लागतं, म्हणून तर माणसं शेअर रिक्षाला जातात. पर्यायी इंधनावर एवढं बोलतो आपण, तेवढंच त्या दर अर्ध्या तासाच्या बसवर बोललो तर किती लिटर वाचेल!

कार घेणाऱ्यांना सवलती आहेत, २०२५ च्या ऑगस्टपासून अटल सेतूवर इलेक्ट्रिक गाड्यांना टोल माफ झाला, चांगलंच आहे. पण भाऊजी अटल सेतूवरून जात नाहीत, तिथे रिक्षाला परवानगीच नाही. ते दोन रविवार इलेक्ट्रिक रिक्षा बघून आलेत. बॅटरी आठ-नऊ युनिटची, एका चार्जला शंभर-सव्वाशे किलोमीटर धरले तर दिवसाचा धंदा निघतो, तेवढ्याला सीएनजी तीनशेचा लागतो, वीज शंभराच्या आत. कागदावर सगळं छान. पण आम्ही राहतो चाळीत, रिक्षा लागते खाली गल्लीत, मीटर वर खोलीत. पहिल्या मजल्यावरून वायर खाली सोडायची तर पावसाळ्यात कोणी शॉक लागून गेलं तर? शेजाऱ्यांचा विरोध आहे आणि त्यांचं चूक नाही. जुन्या रिक्षाचे हप्ते चालू असताना दुसरं कर्ज कोण देणार हा वेगळा प्रश्न.

चाळीत रिक्षावाले सात आहेत. भाऊजींनी सगळ्यांना गोळा केलंय, गेटजवळ जुन्या नळाच्या बाजूला एक भिंत आहे, तिथे पत्र्याची शेड टाकून सगळ्यांत मिळून एक वेगळा मीटर आणि तीन पॉइंट घ्यायचे, रात्री पाळ्या लावून चार्ज करायच्या, असं त्यांच्या डोक्यात आहे. मालक अजून हो म्हणाला नाहीये. रविवारी संध्याकाळी मीटिंग आहे, भाऊजी म्हणाले, वहिनी, तुम्ही या, आम्हाला बोलता येतं पण आकडे तुम्हीच मांडा. मी डिझेलच्या वहीसारखीच एक नवीन वही आणलीय, तारीख, युनिट, किलोमीटर, कोणाची गाडी, असे चार रकाने आखून ठेवलेत.